शेजाऱ्यांना विचारून

भाच्याने फ्रेमवरचा ब्राउन पेपर सोडवला आणि ती बाबांच्या हातात दिली. आईच्या श्राद्धाचा दिवस होता. आत वड्यांचा घाणा चालला होता, गच्चीवर पानाची वाट पाहणारे कावळे ओरडत होते. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. काचेवरची चमक जाईपर्यंत फ्रेम खिडकीकडे तिरकी धरून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई चांगली आहे दिसाले. पण ही कोण होय?"

भाच्याचा चेहरा उतरला. पोराने मनापासून केलं होतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, त्यात आमचं तळमजल्याचं घरही होतं. भिंतीवरचा आईचा फोटो दोन दिवस गाळात पडून होता. वाळल्यावर कागदावरचं जिलेटिन काचेला चिकटलेलं. सोडवताना डाव्या कानाजवळचा तुकडा काचेवरच राहिला, आणि उरलेल्या फोटोवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग. नेगेटिव्हचे डबे तर चिखलाबरोबर फावड्यानेच उचलले. भाच्याने त्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला आणि एका ॲपला दिला. मिनिटभरात आई परत आली. स्वच्छ, तुकतुकीत, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा अशी. दात टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखे एका ओळीत. माझ्या आईचा वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता आणि हसताना ती पदर तोंडावर घ्यायची.

"तू शिकवतेस नं हेच? मग सांग काय झालं ते," वहिनी म्हणाली. खरं आहे, बावीस वर्षं मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात डिजिटल इमेज प्रोसेसिंग शिकवते. पण पानावर बसलेल्या माणसांना एका वाक्यात सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी वडा वाढायला घेतला.

बाबा रिटचर होते, म्हणजे नेगेटिव्हवर हाताने डाग-सुरकुत्या दुरुस्त करणारे. बर्डीवरच्या एका स्टुडिओत त्यांनी तीस वर्षं त्या एका टेबलावर काढली. टेबल म्हणजे उतरतं लाकडी डेस्क, मधोमध दुधी काच, खाली आरसा. आरसा खिडकीतला उजेड वर फेकायचा, काचेवर नेगेटिव्ह ठेवायचं, डोळ्याला भिंग. नेगेटिव्हच्या मॅट बाजूवर रिटचिंग मीडियमचा हलका हात फिरवायचा, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिलीचं शिसं दीड इंच बाहेर काढून पॉलिश पेपरवर सुईसारखं केलेलं. नेगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं: कपाळावरची आठी तिथे पारदर्शक रेघ म्हणून दिसते. त्या रेघेत शिसं भरलं की प्रिंटमध्ये आठी विरते. म्हणजे पेन्सिल चालवायची ती उजळ करण्यासाठी. काळं करायचं असेल तर चाकूने इमल्शन, म्हणजे नेगेटिव्हवरचा चित्राचा थर, खरवडायचं, आणि ते काम हात थरथरणाऱ्याचं नव्हे.

मी शाळेतून परस्पर स्टुडिओत जायची. बाबांच्या मागे स्टुलावर बसून पाहायची. ते सरळ रेघ कधी ओढत नसत. बारीक स्वल्पविराम, आठाचे आकडे, मधेच नुसते टिंब. देवीचा व्रण भरायचा असेल तर आधी भिंगातून व्रणाच्या चारही बाजूंची कातडी न्याहाळायचे. मी विचारलं होतं, किती काळं भरायचं ते कसं कळतं? ते वर न पाहता म्हणाले, "आपल्या मनानं नाही भराचं. बाजूच्याले विचाराचं."

पुढे एम.टेक.च्या पहिल्या सेमिस्टरला फळ्यावर पहिलं फिल्टर आलं तेव्हा मला एकदम हे वाक्य आठवलं. कारण डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांचं कोष्टक, आणि त्यावरची अर्धी विद्या म्हणजे बाजूच्याला विचारणं.

कोष्टक ही गोष्ट मुलांना पटवून द्यायला मला दरवर्षी दोन तास लागतात. चित्र लहान लहान चौकोनांत तोडायचं, प्रत्येक चौकोनात किती उजेड आहे ते मोजायचं आणि तो आकडा लिहून ठेवायचा. ० म्हणजे काळंकुट्ट, २५५ म्हणजे पांढरंशुभ्र, मधले सगळे करडे. हे पहिल्यांदा केलं रसेल किर्श या अमेरिकन इंजिनिअरने, १९५७ मध्ये. त्याने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो एका फिरत्या नळकांड्यावर लावून यंत्राला वाचायला दिला. १७६ गुणिले १७६, म्हणजे एकतीस हजारांच्या आत चौकोन. आणि प्रत्येकात फक्त काळं की पांढरं एवढंच. करड्या छटा मिळवायला त्याला तोच फोटो उजेडाची मर्यादा बदलत पुन्हा पुन्हा वाचवून घ्यावा लागला. म्हातारपणी त्याला चौकोनच का घेतले याची खंत वाटत होती म्हणे. तेव्हा तेच सोपं पडलं, आणि आपण सगळे त्या चौकोनात अडकलो.

मुलांना किर्शपेक्षा १९६५ ची गोष्ट जास्त आवडते. मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने दोनशे गुणिले दोनशेची चित्रं पाठवायला सुरुवात केली. सेकंदाला आठ-सव्वाआठ बिट या वेगाने. एका चित्राला सुमारे आठ तास. चित्र तयार करणारं यंत्र आपलं काम करेपर्यंत तिथल्या इंजिनिअरांना धीर धरवेना. त्यांनी छापून आलेल्या आकड्यांच्या पट्ट्या भिंतीवरच्या बोर्डाला लावल्या, खडू आणले आणि आकड्यांप्रमाणे रंग भरत बसले: या आकड्यांना तपकिरी, त्या आकड्यांना पिवळा. जवळून पाहिलेल्या दुसऱ्या ग्रहाचं पहिलं चित्र असं बालवाडीतल्यासारखं रंगवलं गेलं. मी ही गोष्ट सांगून मुलांना एक कागद देते, त्यावर वीस गुणिले वीस आकडे, आणि रंगीत पेन्सिली. शेवटच्या वर्षाची पोरं, दाढ्या आलेली, गुपचूप रंगवतात. पंधरा मिनिटांनी कोणीतरी ओरडतं, "मॅडम, हे तर संत्रं होय!"

आता बाजूच्याला विचारण्याचं. समजा एका कोपऱ्यात नऊ आकडे आहेत. वरच्या ओळीत ११२, ११०, १०९. मधल्या ओळीत १११, २५५, ११३. खालच्या ओळीत १०८, ११०, ११२. सगळे करडे आणि मधोमध एकच पांढराफटक २५५. हा धुळीचा कण, किंवा कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या सेन्सरमध्ये कुठेतरी उडालेली ठिणगी. काढायचा कसा? पहिला विचार सगळ्यांचा एकच: सरासरी काढू. बेरीज ११४०, भागिले नऊ, साधारण १२७. म्हणजे डाग गेला नाही, फिका होऊन पसरला. गल्लीत एक करोडपती राहायला आला की सरासरीने सगळी गल्ली श्रीमंत होते, तसं. आता तेच नऊ आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभे करा आणि मधला, पाचवा उचला. १११. करोडपती रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहतो, त्याला कोणी विचारत नाही. याला मीडियन फिल्टर म्हणतात. मी हे बाबांना एकदा कांदे-बटाटे मांडून समजावलं होतं. ते म्हणाले, "मंग मी काय वेगळं करत होतो?"

तसं त्यांच्या डार्करूममधलं बरंच काही नाव बदलून आपल्या मोबाइलमध्ये येऊन बसलं आहे. फोटो धारदार करण्याचं एक फिल्टर आहे, त्याचं नाव अनशार्प मास्क. धार लावायच्या फिल्टरचं नाव 'अनशार्प' कसं, म्हणून मुलं हसतात. ती फिल्मच्या जमान्यातली युक्ती आहे. नेगेटिव्हवरून मुद्दाम एक धूसर, फिकी पॉझिटिव्ह काढायची आणि ती नेगेटिव्हला चिकटवून प्रिंट घ्यायची. मोठे मोठे उजेड-अंधार एकमेकांना खाऊन टाकतात, काठ तेवढे उठून येतात. संगणक हेच वजाबाकीने करतो: मूळ चित्रातून धूसर चित्र वजा, उरले ते काठ, ते परत मुळात मिसळायचे. जास्त मिसळले की वस्तूभोवती पांढरी झालर दिसते. लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या फेट्याभोवती ती हमखास असते.

उन्हाळ्याचं मात्र सांगायलाच हवं, कारण तो विषय नागपूरचा आहे. डेव्हलपरचं, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनाचं, तापमान वीस अंश असावं असं डब्यावर छापलेलं असायचं. मे महिन्यात आमच्या नळाला जे पाणी येतं त्यात चहापत्ती टाकली तर रंग सुटेल. पाणी गरम असलं की जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, बोट लागलं तर कातडीसारखं सोलून येतं. मग बाबा आदल्या रात्री दोन माठ भरून ठेवायचे, ट्रे मोठ्या घमेल्यात, घमेल्यात बर्फ. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की लग्नाची कामं ते पहाटे चारला उठून धुवायचे. मला वाटायचं, संगणक आले, सुटलो एकदाचे. कसलं काय! कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उजेडाने इलेक्ट्रॉन सुटतात, ते मोजायचे असतात. पण नुसत्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि सेन्सरला दोन्हींतला फरक कळत नाही. साधारण सहा-आठ अंश वाढले की हा खोटा उजेड दुप्पट होतो. म्हणून दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांना शून्याच्या खाली थंड ठेवतात. मेमधल्या रात्री गच्चीवरून मोबाइलने चंद्र टिपा, आकाशात जी वाळू दिसते त्यात नागपूरचाही वाटा असतो. बाबांचे माठ आठवतात.

अडचणीचा भाग यापुढे आहे. वर्गात मी वर्षानुवर्षं एक वाक्य ठणकावून सांगत आले: कॅमेऱ्यात जे आलंच नाही ते कुठलंही गणित परत आणू शकत नाही. कॅमेरा म्हणजे साक्षीदार, बाकीचे वकील. वाक्य टाळीचं आहे. फक्त पूर्ण खरं नाही. मोबाइलच्या सेन्सरला रंग दिसतच नाहीत, त्याला फक्त उजेड मोजता येतो. रंग यावा म्हणून त्याच्या प्रत्येक चौकोनावर एक रंगीत काच बसवलेली असते: अर्ध्या चौकोनांवर हिरवी, पाव भागावर लाल, पाव भागावर निळी. हिरवी दुप्पट, कारण आपला डोळा उजेडातला बारीक फरक हिरव्याच्या आसपास जास्त टिपतो. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायरची, पेटंट १९७६ चं. आता हिशेब करा. प्रत्येक चौकोनाने मोजला एकच रंग, चित्रात मात्र हवेत तिन्ही. उरलेले दोन कुठून येतात? शेजाऱ्यांना विचारून. तुमच्या मोबाइलमधल्या प्रत्येक फोटोतले तीनपैकी दोन आकडे कोणी मोजलेले नसतात, ते अंदाज असतात. साक्षीदारानेच दोन तृतीयांश साक्ष आजूबाजूला विचारून दिलेली.

हे मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा मला थोडं फसवल्यासारखं झालं होतं. मग कळलं की अंदाज चालतो, कारण शेजारी खरे असतात. एकाच गालावरचे, एकाच उजेडातले. गालाला लागून असलेल्या चौकोनाला गालाची माहिती असतेच.

त्यात भर व्हॉट्सॲपची. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे एक कोटी वीस लाख चौकोन, प्रत्येकी तीन आकडे, सरळ लिहिले तर छत्तीस एमबी. तो तीन-चार एमबीत बसतो जेपेगमुळे. जेपेग चित्राचे आठ गुणिले आठचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यातली जी बारीक थरथर डोळ्याला फारशी कळत नाही ती फेकून देतो. त्यामागचं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, १९७४ च्या एका निबंधातलं. लेखक तीन: नासिर अहमद, टी. नटराजन, के. आर. राव. नासिर अहमद बंगळुरूचे. 'शुभ सकाळ'चे फोटो इतके स्वस्तात फिरतात त्याला आपल्याच माणसांचा हातभार आहे, हे मी फॅमिली ग्रुपवर सांगितलं होतं. त्यावर तीन जणांनी गुलाबाचं फूल पाठवलं.

तीन वर्षांपूर्वी बाबांचा खोकला थांबेना. धंतोलीतल्या एका सेंटरवर छातीचं सीटी स्कॅन केलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या वयाच्या, मी काय शिकवते ते कळल्यावर म्हणाल्या, "या आत, पाहा." बाबाही मागोमाग आले, स्वतःचंच पोट-छाती काप करून मांडलेली पाहायला. सीटीमध्ये एक्स-रे चारही बाजूंनी फिरवून घेतात आणि त्या सावल्यांवरून आतला काप गणिताने उभा करतात. गॉडफ्री हाउन्सफील्ड या ब्रिटिश इंजिनिअरच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनजवळच्या एका इस्पितळात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा काप घेतला, तो अवघा ऐंशी गुणिले ऐंशीचा होता. आकड्यांना नाव त्याचंच: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, हाड काही शेकडे वर. एवढा मोठा पल्ला पडद्यावर एकदम दाखवला तर सगळं एकसारखं करडं दिसेल, डोळ्याला इतक्या छटा वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून डॉक्टर पल्ल्यातली एक खिडकी निवडतात. खिडकीच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं, मधल्या भागाला सगळ्या छटा. बाईंनी माउस ओढला. फुप्फुसाची जाळी उठून आली आणि हृदय पांढरा गोळा झालं. पुन्हा ओढला. फुप्फुस काळं झालं, हृदयाच्या भिंती दिसू लागल्या.

बाबा खुर्चीतून पुढे झुकले. "निगेटिव्ह तेच आहे नं? कागद बदलून राहिल्या का तुम्ही?"

बाईंना कळलं नाही. मला कळलं, आणि खरं सांगते, मी इतकी वर्षं खिडकीचा हा भाग एवढ्या चपखलपणे कधी शिकवला नव्हता. फोटो छापायचा ब्रोमाइड पेपर नंबराने मिळायचा. दोन नंबर मऊ, मधल्या छटा भरपूर. चार नंबर कडक, काळं-पांढरं तोडून दाखवणारा. एकच नेगेटिव्ह दोनवर छापलं तर शालूची घडी न् घडी दिसते, चारवर छापलं तर जर चमकते आणि घड्या जातात. नेगेटिव्हमध्ये दोन्ही असतं.

डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक पांढरा ठिपका होता. मी श्वास रोखला. बाबा मात्र ठिपक्याकडे धंदेवाईक नजरेने पाहत होते, जणू भरायला आलेलं काम. बाईंनी कर्सर त्यावर ठेवला. आकडा चारशेच्या वर. "कॅल्शियम आहे. जुना टीबी होऊन गेला असेल लहानपणी, त्याचा वण. काळजी नाही." बाबांना आठवलं, सातवीत असताना ते वर्षभर शाळेत गेले नव्हते. घरच्यांनी कोणाला काय झालं ते सांगितलं नव्हतं, लपवलं होतं. सत्तर वर्षांनी तो आकडा बोलला. परत येताना रिक्षात म्हणाले, "बरं झालं या मशिनीवर माह्यासारखा कोणी बसला नव्हता. मी भरून टाकला असता." ते गमतीने म्हणाले, पण ही भीती या क्षेत्रात रोजची आहे. फिल्टर जास्त लावलं तर नको असलेल्या ठिपक्यांबरोबर बारीक गाठही पुसली जाते. शेजाऱ्यांना विचारण्याचा हा दुसरा अर्थ: शेजाऱ्यांना जे माहीत नाही ते डाग समजून काढून टाकायचं.

आणि बाबांनी डाग काढलेच होते, शेकड्यांनी. दाखवायचे फोटो हे स्टुडिओचं अर्धं उत्पन्न होतं. मुलीचे वडील काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगायचे, "जरा उजळ येऊ द्या भाऊ." पेन्सिल उजळ करण्यासाठीच असते, हे मी वर लिहिलंच आहे. महाल, इतवारी, धरमपेठ, किती मुली त्या काचेवर गोऱ्या झाल्या असतील! मी मोठी झाल्यावर यावरून बाबांशी भांडले आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं: "मी नसतो केलं तर बाजूच्या स्टुडिओनं केलं असतं." हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. १९९९ मध्ये माझा असा फोटो काढायची वेळ आली. माझ्या भुवईत एक खोक आहे, फुटाळा तलावावर सायकलवरून पडले त्याची. आई म्हणाली, ती भरून टाका. बाबांनी नेगेटिव्ह भिंगाखाली धरलं, आणि तसंच छापायला टाकलं. "पोरगा पाहाले घरी येईलच नं," एवढंच म्हणाले.

चित्राला खरं-खोटं म्हणण्यात किती अर्थ आहे हे मला सॅटेलाइटच्या चित्रांनी शिकवलं. अमरावती रोडवर मातीचं सर्वेक्षण करणारा राष्ट्रीय ब्यूरो आहे, आणि या शहरात विदर्भातली शेतं अंतराळातून पाहण्याचं काम बरीच वर्षं चालतं. मीही काही काळ काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांवर काम केलं. निरोगी पान लाल उजेड खातं आणि आपल्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड भरपूर परत फेकतं. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज केली की झाड किती सुखात आहे त्याचा आकडा मिळतो. पडद्यावर त्या न दिसणाऱ्या उजेडाला लाल रंग देण्याची पद्धत आहे. त्यामुळे बागा लालभडक, काळी माती गडद निळसर. बाबांनी तो प्रिंट पाहिला आणि म्हणाले, हिरव्याचं लाल केलं तर हे खोटंच झालं. मी म्हटलं, तुमचं नेगेटिव्ह खरं होतं का? ते विचारात पडले. त्या चित्रातला एकही रंग खरा नाही, पण प्रत्येक आकडा त्या बागेतूनच आलेला आहे.

आईच्या फोटोतलं मला टोचलं ते इथे. त्या ॲपनेही शेजाऱ्यांनाच विचारलं होतं, पण कोणत्या? त्याने लाखो परक्या चेहऱ्यांचा अभ्यास केलेला असतो: डोळ्याखाली साधारण काय असतं, ओठांच्या आत दात साधारण कसे असतात. गाळाने खाल्लेल्या जागी त्याने आईच्या गालाला विचारलं नाही, परगावच्या लाखभर बायकांना विचारलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 'पल्स' नावाचं असंच एक तंत्र मांडलं होतं, अगदी धूसर चौकड्यांतून सुस्पष्ट चेहरा उभा करणारं. कोणीतरी त्याला बराक ओबामांचा धूसर केलेला फोटो दिला, आणि त्यातून एक गोरा माणूस बाहेर आला. चित्रात काही बिघाड नव्हता, चेहरा अगदी माणसाचाच होता. फक्त ओबामांचा नव्हता. आईचा दात सरळ झाला तो असाच. लाखात बहुतेकांचे सरळ असतात.

श्राद्ध झाल्यावर चार दिवसांनी मी तो खराब फोटो कॉलेजच्या लॅबमध्ये नेला. ट्रायपॉड लावला, दोन्ही बाजूंनी तिरके दिवे, आणि रंगीत फोटो घेतला. काळ्या-पांढऱ्या फोटोचा रंगीत कशाला, असं आमच्या लॅब असिस्टंटने विचारलं. तपकिरी डाग निळा उजेड गिळतो, लाल सोडून देतो. निळ्या रंगाच्या कोष्टकात ते डाग शाईसारखे काळे दिसत होते. लाल रंगाचं कोष्टक वेगळं काढून पाहिलं तर जवळजवळ गायब. एक आकडाही न बदलता अर्धी आई धुऊन निघाली. मग उरलेल्या ठिपक्यांवर, फक्त ठिपक्यांवर, मीडियन. दाताला हात लावला नाही. डाव्या कानाची जागा मात्र पांढरीच राहिली, रुपयाएवढी. तिथे नवाच्या नऊ शेजारी काचेबरोबर गेले होते. आईने मान किंचित वळवलेली, त्यामुळे उजवा कान फोटोत नव्हताच, नाहीतर त्यालाच उलटा करून बसवला असता.

मॅट कागदावर प्रिंट काढून बाबांना दिला. त्यांनी बराच वेळ दाताकडे पाहिलं. मग माझ्या मुलाच्या चित्रकलेच्या डब्यातून शून्य नंबरचा ब्रश मागितला, काळा रंग, थोडा तपकिरी, बशीत पाणी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हातही आता पहिल्यासारखा नाही. ब्रशचं टोक जिभेवर ओलं करून टोकदार केलं, जुन्या सवयीने. मी म्हटलं, बाबा, तिथे काहीच नाही, मोकळं राहू द्या. मी वर्गात हेच सांगते. त्यांनी ऐकलं नाही. दोन संध्याकाळी लागल्या. कानाची पाळी आली, तिच्यामागचे केस आले, आणि पाळीवर मोत्याची कुडी.

मी कपाटातली डबी काढली. आईच्या कुड्या माझ्याकडेच आहेत. मधे एक मोती आणि भोवती सहा, असे सात. फोटोतले मोजले: मधे एक, भोवती पाच. उजवीकडे खाली एक जागा रिकामी.

"बाबा, एक मोती राहिला."

ते ब्रश बशीत खळबळून धूत होते. "राहिला नाही. फोटोच्या टायमाले तो पडला होता. मंगळागौरीत फुगडी खेळली नं ते. दिवाळीले इतवारीत नेऊन बसवला मग."

मी डाव्या कानातली कुडी खिडकीजवळ नेऊन उजेडात धरली. सहा मोती साईसारखे पिवळसर पडले होते. खालचा एक जरा पांढरा होता.